रानटी ग्लॅडिओलस इंदूरच्या बागेत : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ग्लॅडिओलस म्हटले की डोळ्यांसमोर येतो तो स्वागतसमारंभात व्यासपीठाच्या दोन्ही बाजूंना उभा केलेला, तळहाताएवढ्या फुलांनी जडावलेला दांडा. ज्या रानफुलांपासून हा दांडा घडवला गेला, ती फुले मात्र फार थोड्या लोकांनी पाहिलेली असतात. येथे त्या मूळ जातींविषयीच्या प्रश्नांची उत्तरे दिली आहेत आणि ती इंदूरचे व एकूणच माळव्याचे हवामान समोर ठेवून लिहिली आहेत. ग्वाल्हेरची थंडी अधिक कडक आणि बडोद्याची हवा अधिक दमट असल्यामुळे तेथील वाचकांनी तारखा थोड्या पुढेमागे कराव्यात.

रानटी ग्लॅडिओलस म्हणजे नेमके काय?

ग्लॅडिओलस ही केशराच्या कुळातील, म्हणजे इरिडेसी कुळातील प्रजाती असून तिच्यात २५० हून अधिक जाती आहेत. त्यांपैकी १५० हून अधिक जाती एकट्या दक्षिण आफ्रिकेच्या परिसरात आढळतात, बऱ्याचशा उष्णकटिबंधीय आफ्रिकेत पसरलेल्या आहेत आणि थोड्या जाती भूमध्य समुद्राभोवतीच्या देशांत व पश्चिम आशियात वाढतात. माणसाने संकर न करता निसर्गात जशा आहेत तशाच राहिलेल्या या जातींना बागकाम करणारी मंडळी सरसकट ‘रानटी ग्लॅडिओलस’ म्हणतात. नावाचा उगम लॅटिन भाषेतील तलवारीच्या शब्दात आहे. ग्लॅडिओलस म्हणजे छोटी तलवार, आणि पाने पाहिली की नाव कोठून आले हे वेगळे सांगावे लागत नाही.

माळव्याच्या रानात ग्लॅडिओलस नाही. पावसाळ्यात महू, पाताळपाणीच्या बाजूला झुडपांवर चढलेली लाल-पिवळी फुले पाहून काही जण ती ग्लॅडिओलसची समजतात, पण ती कळलावी असते. तिचे कंद अत्यंत विषारी असल्यामुळे ते उपटून घरी आणण्याचा मोह टाळावा.

बाजारात इतके सुंदर संकरित वाण मिळत असताना रानटी जातींचा खटाटोप कशासाठी?

हा प्रश्न रास्त आहे. केवळ मोठी फुले हवी असतील, तर हा खटाटोप करू नये. बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचे ‘शोभा’, ‘मीरा’ यांसारखे वाण किंवा राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचा ‘फुले गणेश’ लावावा आणि निश्चिंत राहावे. रानटी जातींची फुले लहान असतात, एका दांड्यावर संख्येने कमी येतात, आणि वाऱ्यात वाकतात पण सहसा मोडत नाहीत. त्यांच्यात दोन गोष्टी आहेत, ज्या संकरित वाणांनी जवळजवळ गमावल्या आहेत. पहिली गोष्ट सुगंधाची. दुसरी गोष्ट खालच्या पाकळ्यांवरील खुणांची: कोठे पिवळ्या पट्ट्याभोवती तांबडी रेघ, कोठे हिऱ्याच्या आकाराचा ठिपका, ज्यांच्या मागावर कीटक मधापर्यंत पोहोचतो. संकराची सुरुवात फार जुनी आहे. लंडनजवळच्या चेल्सी येथे १८२३ साली ग्लॅडिओलस ट्रिस्टिस आणि ग्लॅडिओलस कार्डिनॅलिस यांचा संकर झाला, आणि आजच्या मोठ्या फुलांच्या वाणांमागे मुख्यतः ग्लॅडिओलस डॅलेनी ही आफ्रिकी जात उभी आहे. फुले मोठी होत गेली तसा वास मागे राहिला.

इंदूरमध्ये कोणत्या जाती निवडाव्यात?

जात निवडताना आधी फुलाचा रंग पाहू नये. ती कोणत्या ऋतूत झोपते ते पाहावे. ग्लॅडिओलसचा कंद वर्षातील काही महिने जमिनीखाली पूर्ण विश्रांती घेतो, आणि या झोपेच्या काळात तो ओल्या मातीत राहिला की कुजतो. इंदूरमध्ये अपयश येते ते बहुतेक वेळा याच एका कारणाने.

या दृष्टीने जातींचे दोन गट पडतात. पहिला, पावसाळी गट उन्हाळ्यात पाऊस पडणाऱ्या आफ्रिकी प्रदेशांतला: ग्लॅडिओलस मुरिएली, ग्लॅडिओलस डॅलेनी, ग्लॅडिओलस पॅपिलिओ इत्यादी. या जाती पावसात वाढतात आणि कोरड्या थंडीत झोपतात, म्हणजे आपल्या मोसमी पावसाचे वेळापत्रक त्यांच्या ओळखीचे आहे. दुसरा, हिवाळी गट हिवाळ्यात पाऊस पडणाऱ्या प्रदेशांतला: केप प्रांतातील ट्रिस्टिस, कार्नियस, अलाटस आणि भूमध्य समुद्राकडच्या कम्युनिस, इटॅलिकस, इलिरिकस या जाती. या थंडीत वाढतात, वसंतात फुलतात आणि उन्हाळ्यात झोपतात. इंदूरचा मार्च ते मेपर्यंतचा कोरडा उन्हाळा त्यांना चालतो. अडचण त्यानंतर येते, कारण जूनच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत आपल्याकडे वर्षाचा बहुतेक सगळा, म्हणजे सरासरी ९०० ते १००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो नेमका या झोपलेल्या कंदांवर पडतो.

नवख्या माणसाने सुरुवात ग्लॅडिओलस मुरिएलीपासून करावी. इथिओपियापासून मलावीपर्यंतच्या डोंगराळ भागातली ही जात पूर्वी ॲसिडँथेरा या नावाने ओळखली जात असे आणि कंद विकणाऱ्यांच्या याद्यांत अजूनही कित्येकदा त्याच नावाने दिसते. पांढरे शुभ्र, किंचित खाली झुकलेले फूल, गळ्याशी गर्द जांभळा तारा, आणि अंधार पडू लागला की वाढणारा सुगंध. फुलाची नळी इतकी लांब असते की तळाशी असलेला मध लांब सोंडेच्या पतंगांनाच मिळावा. जूनच्या आरंभी कंद लावले, तर साधारण तीन महिन्यांनी, म्हणजे गणपतीच्या दिवसांच्या आगेमागे फुले येतात. अनंत चतुर्दशीला झांक्या पाहून पहाटे घरी परतल्यावर अंगणात हा वास येतो, तेव्हा माळव्याच्या रात्रीचे कौतुक लोक का करत आले आहेत हे निराळे सांगावे लागत नाही.

डॅलेनी ही दुसरी निवड. उंची एक मीटरच्या वर जाते, फुले केशरी-पिवळी किंवा तांबूस असतात आणि वरची पाकळी टोपीसारखी पुढे झुकलेली असते. आफ्रिकेत या फुलांचे परागीभवन सूर्यपक्षी करतात. आपल्याकडच्या शिंजिराने माझ्या कुंडीतील फुलांची दखल पहिल्याच वर्षी घेतली. पॅपिलिओ ही जात तुलनेने थंड गवताळ प्रदेशातली असल्यामुळे इंदूरच्या मे महिन्यात तिची दमछाक होते. तिचा आग्रह धरू नये.

हिवाळी गटातून एकच जात घ्यायची असेल, तर ट्रिस्टिस घ्यावी. दिवसा तिच्या फिकट पिवळ्या फुलांकडे कोणाचे लक्षही जात नाही, पण रात्री ती लवंगेच्या जवळपास जाणारा वास देते. युरोपातील बागांत गाजलेल्या गर्द किरमिजी बायझँटिनस प्रकाराकडे मात्र अनुभव आल्यानंतरच वळावे.

आमच्या अंगणात काळी माती आहे. कंद थेट जमिनीत लावले तर चालतील का?

हिवाळी गटातील कंद लावू नयेत. माळव्याची काळी माती कापसाला, सोयाबीनला आणि गव्हाला उत्तम आहे, कारण तिच्यातील चिकणमाती पाणी धरून ठेवते. पाणी मिळाले की ती फुगते आणि वाळली की आकसून तिला भेगा पडतात. रानटी ग्लॅडिओलसला यांतली एकही गोष्ट मानवत नाही. पावसाळ्यात कंदाभोवती हवा उरत नाही, आणि उन्हाळ्यात भेगांमधून थेट ऊन कंदापर्यंत पोहोचते.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. पहिल्या वर्षी बायझँटिनसचे बारा कंद मोठ्या हौसेने फाटकाजवळच्या वाफ्यात लावले होते. थंडीत पाने जोमदार आली, होळीच्या सुमारास चार दांडे फुलले, पाने वाळली आणि ‘कंद जमिनीतच राहू द्यावेत’ हा थंड देशांतील बागवानांसाठी दिलेला सल्ला मी इमानेइतबारे पाळला. श्रावणात संशय आला म्हणून खुरपे घातले, तेव्हा कंदांच्या जागी फक्त तंतूंच्या जाळीदार पिशव्या हाती आल्या. त्यांच्या आत करडा, आंबूस वासाचा चिखल होता. बारांपैकी एकही कंद वाचला नव्हता.

पावसाळी गटातील जाती जमिनीत लावायच्या असतील, तर जमिनीपासून निदान ३० सेंटीमीटर उंच गादीवाफा करावा आणि त्यात काळ्या मातीचे प्रमाण एक चतुर्थांशाहून अधिक ठेवू नये. वाफा छपराच्या पन्हळीखाली येणार नाही याची काळजी घ्यावी. एवढे केले तर डॅलेनी जमिनीत चांगली रुळते.

कुंडीसाठी मातीचे मिश्रण कसे करावे?

हिवाळी गटासाठी दोन भाग जाड वाळू, एक भाग पिवळी माती किंवा पोयटा आणि अर्धा भाग चाळलेले, पूर्ण कुजलेले शेणखत घ्यावे. पावसाळी गटासाठी हे तिन्ही घटक समप्रमाणात घेतले तरी चालतात. वाळू नर्मदेची असो वा अन्य कोठली, ती बादलीत दोन-तीन पाण्यांनी धुऊन घ्यावी, कारण तिच्यातील बारीक गाळ निचऱ्याची वाट बुजवतो. जाड वाळू न मिळाल्यास काळ्या गिट्टीची चुरी धूळ चाळून वापरता येते; बांधकामाच्या ठिकाणी ती सहज मिळते. कोकोपीट पाणी फार काळ धरून ठेवते, म्हणून हिवाळी गटाच्या कुंडीत ते मुळीच घालू नये.

कुंडीच्या तळाशी विटांच्या तुकड्यांचा जाड थर देण्याची पद्धत घरोघरी आहे. त्याने निचरा सुधारत नाही. बारीक मातीतील पाणी खालच्या मोकळ्या थरात सहजासहजी उतरत नाही, ते त्या थराच्या वरच अडून राहते, आणि कंदाला मिळणारी कोरडी माती उलट कमी होते. छिद्रावर एक खापरी ठेवली की पुरे.

कुंडी केवढी असावी?

इंदूरच्या मराठी घरांत जिला सर्रास ‘गमला’ म्हणतात, ती मातीची १० इंची कुंडी योग्य आहे. तीत पाच ते सात कंद बसतात. प्लॅस्टिकची कुंडी उन्हाळ्यात तापते आणि पावसाळ्यात लवकर वाळत नाही, म्हणून शक्यतो टाळावी. एका कुंडीत एकाच जातीचे कंद लावावेत. दोन गटांचे कंद एकत्र लावल्यास एकाची तहान ही दुसऱ्याची कुज ठरते.

कंद केव्हा आणि किती खोल लावावेत?

पावसाळी गट नवतपा उतरल्यावर, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्यात लावावा. हिवाळी गट दसरा ते दिवाळी या काळात, रात्रीचे तापमान २० अंश सेल्सियसच्या खाली उतरू लागल्यावर लावावा. घाई करून सप्टेंबरच्या उकाड्यात लावलेले कंद एक तर उगवत नाहीत किंवा उगवून अशक्त राहतात.

मुरिएली आणि डॅलेनीचे कंद ८ ते १० सेंटीमीटर खोल लावावेत, ट्रिस्टिस व कार्नियससारखे लहान कंद ५ ते ८ सेंटीमीटर खोल लावावेत. दोन कंदांमध्ये किमान तीन-चार बोटांचे अंतर असावे. मागच्या मुळांची गोल खूण असलेली चपटी बाजू खाली आणि टोकदार बाजू वर येईल असा कंद ठेवावा. चुकून आडवा पडला, तरी कोंब आपली वाट शोधून वर येतो, त्यामुळे अंधारात लावलेल्या कंदांची चिंता करत बसू नये.

पाणी किती आणि केव्हा द्यावे?

लागवडीनंतर एकदा भरपूर पाणी द्यावे आणि कोंब दिसेपर्यंत पुन्हा देण्याची घाई करू नये. मूळ फुटण्यापूर्वी दिलेले रोजचे पाणी हा नव्या बागप्रेमींचा सर्वांत सामान्य दोष आहे. कोंब वर आल्यानंतर मात्र माती वाफशावर, म्हणजे ओलसर पण चिखल नसलेली, राहिली पाहिजे; फुलदांडा पानांतून बाहेर पडू लागतो त्या पंधरवड्यात ती पूर्ण वाळू देऊ नये, नाहीतर वरच्या कळ्या उमलण्याआधीच सुकतात.

हिवाळी गटाच्या वाढीच्या काळात डिसेंबर-जानेवारीत मावठा पडतो. त्याने नुकसान होत नाही, उलट या जातींना तो घरचा पाऊस वाटावा. मात्र त्यानंतर चार-पाच दिवस झारीला हात लावू नये. रंगपंचमीच्या गेरीपर्यंत बहुतेक हिवाळी जातींची फुले आटोपतात. पानांची टोके पिवळी पडू लागली की पाणी टप्प्याटप्प्याने कमी करावे आणि अर्धी पाने वाळल्यावर पूर्ण बंद करावे.

खत कोणते द्यावे?

कंपोस्ट करण्याच्या ज्या शास्त्रीय पद्धतीला जगभर ‘इंदूर पद्धत’ म्हणतात, ती येथेच विकसित झाली. सर अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ ते १९३१ या काळात इंदूरच्या वनस्पती उद्योग संस्थेत, म्हणजे आजच्या कृषी महाविद्यालयाच्या आवारात, पिकांचा काडीकचरा, शेण, गोमूत्र मुरलेली माती आणि राख यांचे थर रचून, ठरावीक वेळी ढीग उलथून सुमारे तीन महिन्यांत उत्तम खत तयार करण्याची रीत घालून दिली. अशा गावात राहून एखाद्या झाडाला खत कमी द्या असे सांगणे थोडे विचित्र वाटते, पण रानटी ग्लॅडिओलसच्या बाबतीत तेच योग्य आहे. केपमधील बहुतेक जाती वाळूच्या निकस जमिनीत वाढलेल्या आहेत. नत्र जास्त झाले की पाने लांब, मऊ आणि लोळणारी होतात, कंद पाणचट राहतो आणि पुढच्या विश्रांतीत कुजतो.

मिश्रणातील शेणखताव्यतिरिक्त, फुलदांडा दिसू लागल्यावर आणि फुले संपल्यावर असे दोन वेळा पोटॅश अधिक असलेले विद्राव्य खत, पाकिटावर लिहिलेल्या मात्रेच्या निम्म्या मात्रेत द्यावे. दुसरा हप्ता लोक विसरतात. पुढच्या वर्षीचा कंद फुले गेल्यानंतरच्या आठवड्यांत भरतो, म्हणून महत्त्व त्याचेच अधिक आहे.

ऊन किती लागते?

दिवसाचे पाच ते सहा तास थेट ऊन मिळावे. थंडीत सूर्य दक्षिणेकडे कललेला असल्यामुळे गच्चीच्या दक्षिण कठड्याला चिकटून ठेवलेली कुंडी दिवसभर सावलीत राहते. ती उत्तरेकडच्या भिंतीपाशी, दक्षिणेकडे तोंड करून ठेवावी.

पानांची टोके तपकिरी होऊन करपतात. हा रोग आहे का?

प्रत्येक वेळी रोग असतोच असे नाही. हंगामाच्या शेवटी टोके वाळणे स्वाभाविक आहे. ऐन वाढीत टोके करपत असतील, तर तीन कारणे तपासावीत: मुळांशी साचलेले पाणी, कुंडीत जमलेले क्षार आणि फ्लोराइड. ग्लॅडिओलस फ्लोराइडच्या बाबतीत इतका संवेदनशील आहे की कारखान्यांच्या परिसरात हवेतील फ्लोराइडचे प्रदूषण ओळखण्यासाठी त्याची मुद्दाम लागवड केली जाते. सुपर फॉस्फेटमध्ये फ्लोराइडचा अंश असतो, म्हणून ते खत या कुंड्यांत न घालणे बरे.

पान शिरांच्या मधे पिवळे आणि शिरा हिरव्या असे दिसत असेल, तर लोहाची कमतरता समजावी. काळी माती विम्लधर्मी असल्यामुळे मातीत लोह असूनही झाडाला ते मिळत नाही.

पाने भरपूर आली, फुले मात्र आली नाहीत. काय चुकले?

पहिली शंका कंदाच्या आकारावर घ्यावी. मुरिएलीचा कंद दोन सेंटीमीटरपेक्षा कमी रुंद असेल, तर त्या वर्षी तो बहुधा फक्त पानेच देतो. ट्रिस्टिसचा कंद मात्र सुपारीएवढाही नसताना फुलतो, तेव्हा एका जातीचे माप दुसऱ्या जातीला लावू नये. दुसरे कारण सावली. तिसरे कारण आदल्या वर्षीचे असते: फुले संपताच हिरवी पाने कापून टाकणे. झाड ‘साफसूफ’ दिसावे म्हणून आमच्याकडे येणाऱ्या माळीकाकांनी एका वर्षी सगळी पाने मुळाशी छाटली होती, आणि त्यांना दोष देणेही बरोबर नव्हते, कारण त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. पुढच्या वर्षी त्या कुंडीत एकही दांडा आला नाही. चौथे कारण दाटी; तीन वर्षे न हलवलेल्या कुंडीत पिल्लांची, म्हणजे कंदाला लागणाऱ्या लहान कंदांची, इतकी गर्दी होते की कोणाचेच पोट भरत नाही.

कंद केव्हा आणि कसे काढावेत?

पाने तीन चतुर्थांश वाळल्यावर काढावेत. पावसाळी गटात ही वेळ नोव्हेंबरच्या सुमारास येते, हिवाळी गटात एप्रिलमध्ये येते. माती कोरडी असताना कुंडी वर्तमानपत्रावर पालथी करावी आणि ढेकूळ हातांनी फोडावे.

या वेळी जे दिसते ते एकदा नीट पाहण्यासारखे असते. लावलेला कंद आता शिल्लक नसतो. त्याच्या डोक्यावर नवा, भरीव कंद बसलेला असतो, आणि जुना कंद सुकून, सुरकुतून, शर्टाच्या मोठ्या बटणासारखा चपटा होऊन नव्याच्या बुडाला चिकटलेला असतो. दोघांच्या सांध्यात, ज्वारीच्या दाण्यापासून वाटाण्याएवढी पिल्ले धाग्यांना लटकलेली असतात. काढल्यानंतर दोन-तीन आठवडे कंद सावलीत, हवेशीर जागी पसरून ठेवावेत. मग अंगठ्याने किंचित जोर देताच जुनी चकती कट्‌कन सुटते. ती ओढून काढावी लागत असेल, तर कंद अजून वाळलेले नाहीत असे समजावे. वरचे जाळीदार आवरण सोलू नये.

हिवाळी गटासाठी याहून सोपा मार्गही आहे. कंद काढूच नयेत. पूर्ण कुंडी कोरडी करून जिन्याखाली किंवा पडवीत, जेथे पावसाचा शिंतोडाही येणार नाही अशा जागी आडवी करून ठेवावी. आडवी अशासाठी की घरातील कोणी सवयीने तिच्यात पाणी ओतू नये. पावसाळ्यानंतर वरची दोन बोटे माती बदलून पाणी सुरू करावे. दर तिसऱ्या वर्षी मात्र कंद काढून वेगळे करावेत.

कंद फ्रिजमध्ये ठेवणे आवश्यक आहे का?

संकरित ग्लॅडिओलसचे व्यावसायिक उत्पादक कंद शीतगृहात ४ ते ५ अंशांवर सुमारे तीन महिने ठेवतात, त्यावरून हा प्रश्न येतो. रानटी जातींना घरगुती बागेत त्याची गरज नाही. हिवाळी गट आपल्या मूळ प्रदेशात उन्हाळ्यातच झोपतो, त्यामुळे त्याला गारव्याऐवजी कोरडेपणा हवा असतो. पावसाळी गटाला इंदूरची थंडी पुरेशी होते. फ्रिजमध्ये भाज्यांचा ओलावा लागून कंदांना बुरशी येते आणि सफरचंदासारख्या फळांतून सुटणारा इथिलीन वायू आतील कोंबाला अपाय करतो. कागदी पिशवी किंवा जुन्या मलमलीची पुरचुंडी करावी, तीवर जातीचे नाव व तारीख लिहावी आणि ती उंदरांपासून दूर, हवेशीर खोलीत टांगावी. प्लॅस्टिकच्या पिशवीत कंद घामेजतात.

कोणत्या किडी आणि रोगांपासून सावध राहावे?

सर्वांत त्रासदायक म्हणजे फुलकिडे. पानांवर चंदेरी ओरखडे दिसतात, कळ्या रंग धरतात पण उमलत नाहीत, आणि उमललेल्या फुलांच्या कडा पांढरट होतात. कळी उघडून पांढऱ्या कागदावर झटकली की दोरीच्या तुसाएवढे किडे पळताना दिसतात. ते कंदाच्या आवरणाखाली लपून पुढच्या हंगामात पुन्हा येतात, म्हणून लागवडीच्या वेळी कंदांची तपासणी करावी. एक लिटर पाण्यात ५ मिलिलिटर निंबोळी तेल आणि थोडा साबणाचा द्राव मिसळून संध्याकाळी फवारावे, दर आठवड्याला एकदा, असे एकूण तीन वेळा. प्रादुर्भाव फार झाला असेल, तर ते दांडे कापून नष्ट करावेत.

रोगांत फ्युझेरियम बुरशीमुळे होणारी मर आणि कंदकूज मुख्य आहे. बाहेरची पाने अवेळी पिवळी होतात, आणि कंदावर तपकिरी, आत दबलेले डाग दिसतात. असा कंद वाचवण्याचा प्रयत्न करू नये. तो कंपोस्टच्या ढिगातही टाकू नये. निरोगी कंद लावण्यापूर्वी एक लिटर पाण्यात २ ग्रॅम कॅप्टान हे बुरशीनाशक मिसळून त्यात अर्धा तास बुडवावेत, हातमोजे घालावेत आणि ज्या मातीत मर आली तीत पुढची तीन-चार वर्षे ग्लॅडिओलस लावू नये.

उरला घुशीचा उपद्रव. त्यावर औषध नाही, जाळीच लावावी लागते.

घरात कुत्रा किंवा मांजर आहे. धोका आहे का?

आहे. कंद खाल्ल्यास लाळ गळणे, उलट्या, जुलाब आणि मरगळ अशी लक्षणे दिसतात. विषारी अंश सर्वाधिक कंदातच असतो. वाळत घातलेले कंद जमिनीवर पसरू नयेत.

कंद कोठून मिळवावेत? परदेशातून मागवता येतात का?

मुरिएली देशातील कंदविक्रेत्यांकडे हंगामात मिळते. इतर जातींसाठी जुन्या बागप्रेमींशी ओळख वाढवणे हाच खरा उपाय आहे, कारण पिल्ले प्रत्येकाकडे उरतातच. खरेदी करताना जातीचे नाव आणि छायाचित्र यांवर पूर्ण विसंबू नये. मला एकदा ‘डॅलेनी’ म्हणून आलेल्या पाकिटातून साधा लाल संकरित वाण निघाला होता, आणि हे कळायला तीन महिन्यांचे पाणी आणि प्रतीक्षा लागली. ट्रिस्टिसची खातरजमा मात्र फुलाआधीच होते: तिचे पान आडवे कापले की छेद अधिकच्या चिन्हासारखा दिसतो.

परदेशातून कंद किंवा बिया मागवण्यासाठी २००३ च्या वनस्पती संगरोध आदेशानुसार आयात परवाना आणि निर्यात करणाऱ्या देशाचे वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागते. पाहुण्यांच्या सामानातून गुपचूप चार कंद आणणे हा त्यातून काढलेला मार्ग नव्हे. त्या कंदांबरोबर एखादा नवा रोगही येऊ शकतो. शिवाय काही जाती मूळ ठिकाणीच संकटात आहेत. केप टाऊनजवळच्या अगदी थोड्या जागेत उरलेली सोनेरी फुलांची ऑरियस ही जात अतिसंकटग्रस्त मानली जाते. रानातून उपटलेला कंद कोणी देऊ केला, तर घेऊ नये.

या जाती बागेत तण होऊन पसरतील का?

भूमध्य प्रदेशात इटॅलिकस गव्हाच्या शेतात तण म्हणून वाढते, आणि ऑस्ट्रेलियात काही आफ्रिकी जाती बागांतून रानात गेल्या आहेत, म्हणून प्रश्न अनाठायी नाही. कुंडीतील लागवडीत धोका नगण्य आहे. तरीही उरलेली पिल्ले नाल्याकाठी किंवा मोकळ्या प्लॉटवर भिरकावू नयेत.

फुले तोडून फुलदाणीत ठेवता येतात का?

येतात. खालची एक-दोन फुले उमलू लागली की सकाळी दांडा तिरका कापावा. फुले खालून वर क्रमाने उमलत जातात. कापताना निदान चार पाने झाडावर राहू द्यावीत. मुरिएलीचे दोन दांडे एका खोलीला पुरतात, तीन ठेवले तर जेवणाच्या खोलीत वास जड होतो.

बियांपासून रोपे करता येतात का?

करता येतात, आणि रानटी जातींची खरी मौज त्यातच आहे, कारण बियांपासून झालेल्या प्रत्येक रोपाच्या फुलावरील खुणा थोड्या निराळ्या निघतात. संकर टाळायचा असेल, तर एका वेळी फुलणाऱ्या दोन जाती दूर ठेवाव्यात आणि बारीक कुंचल्याने स्वतः पराग फिरवावेत. बोंड तीन कप्प्यांचे असते. ते तपकिरी होऊन वरून उकलू लागले की त्यावर मलमलीचा तुकडा बांधावा, कारण आतल्या बिया कांद्याच्या सालीसारख्या पातळ पंखांच्या असतात आणि दुपारच्या एका झुळुकीत शेजारच्या गच्चीवर जातात.

हिवाळी जातींच्या बिया ऑक्टोबरच्या शेवटी, पावसाळी जातींच्या जूनमध्ये, वाळूमिश्रित मातीवर पसरून वर अर्धा सेंटीमीटर वाळूचा थर द्यावा. तीन ते आठ आठवड्यांत रुजवण होते. फुले मात्र दुसऱ्या ते चौथ्या वर्षी येतात, तोवर कंद त्याच कुंडीत झोपू द्यावेत आणि जागे होऊ द्यावेत. पहिल्या वर्षीचे रोप म्हणजे एकच एक, सुईसारखे हिरवे पाते असते, जे हरळीपासून वेगळे ओळखता येत नाही. तेव्हा कुंडीत ठळक अक्षरांची पाटी खोचावी आणि निंदणी करणाऱ्याला ती बोट ठेवून दाखवावी.